वारंवार जखमी होणारा धावपटू मेजर मॅरेथॉन जिंकेल का? सलग आठवड्यांचा हिशोब

सांगोल्याच्या एका तरुणाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "एक अव्वल मॅरेथॉनपटू आहे. वय ३२, सर्वोत्तम वेळ २ तास ६ मिनिटांच्या आसपास. गेल्या चार वर्षांत दोन स्ट्रेस फ्रॅक्चर (पुन्हा पुन्हा पडणाऱ्या भाराने हाडाला जाणारी बारीक तड) झाली आणि एक अख्खं वर्ष अकिलीसच्या (टाचेमागच्या कंडरेच्या) दुखण्यात गेलं. तीन मोठ्या शर्यतींतून ऐन वेळी माघार घ्यावी लागली. असा माणूस अजून बॉस्टन, न्यू यॉर्क, बर्लिनसारखी 'मेजर', म्हणजे जगातल्या मोजक्या सर्वांत मोठ्या मॅरेथॉनपैकी एखादी, जिंकू शकतो का, की संपला म्हणायचं?" शेवटी एकच ओळ जोडली आहे: "माझा धाकटा भाऊ जिल्ह्यात पळतो, त्याचंही असंच चाललंय. घरचे म्हणतात, सोड आता."

मी २२ वर्षं सोलापुरात फिजिओथेरपी करते आहे आणि माझ्याकडे येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त पळणारेच असतात. त्या शेवटच्या ओळीसाठी हे उत्तर सविस्तर लिहिते आहे. आधी सरळ उत्तर देते: हो, जिंकू शकतो. असं अनेकदा घडलेलं आहे, आणि नशिबाने नव्हे. पण त्या चार वर्षांत नेमकं काय दुखलं, का दुखलं आणि पुढच्या शर्यतीआधी त्याला किती सलग आठवडे मिळणार, हे कळल्याशिवाय त्या 'हो'ला फारसा अर्थ नाही.

लोक विचारतात, "तो पूर्वीसारखा होईल का?" पण जिंकण्यासाठी पूर्वीसारखं व्हावंच लागतं असं नाही. त्या दिवशी त्या रस्त्यावर आलेल्या बाकीच्यांच्या पुढे राहावं लागतं, आणि त्यासाठी सुरुवातीच्या रेषेवर धडधाकट उभं राहावं लागतं. माझ्या अनुभवात हे दुसरं काम पहिल्याहून अवघड आहे.

आता 'दुखापत' या शब्दाकडे येऊ. एकाच शब्दाखाली आपण फार वेगळ्या गोष्टी कोंबतो. बीडच्या अविनाश साबळेला जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या डायमंड लीग स्पर्धेत, स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीत, पाण्याच्या उडीपाशी गुडघ्याला दुखापत झाली आणि शस्त्रक्रिया करावी लागली. तो अपघात होता. इथिओपियाच्या अबेबे बिकिलाने १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकची मॅरेथॉन अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर सहा आठवड्यांच्या आत जिंकली. हे उदाहरण मला फार जण ऐकवतात, पण बिकिलाचे पाय शाबूत होते. तुमच्या प्रश्नातल्या धावपटूचं दुखणं तिसऱ्या जातीचं आहे, सरावातूनच आलेलं. ज्या कामाने तो वेगवान झाला, त्याच कामाने त्याचं हाड तडकलं. अपघात बरा झाला की विषय मिटतो. इथे मात्र तो बरा होऊन पुन्हा तेच काम करायला जातो, म्हणून हे कोडं कठीण.

हाडाचं गणित मी समजावते ते भरतीच्या पोरांवरून. पोलीस भरतीची चाहूल लागली की पहाटे पाच वाजता विजापूर रोडला, होटगी रोडला, पार्क स्टेडियमच्या आसपास पोरं १६०० मीटरच्या तयारीला लागतात. काल घरी बसलेला मुलगा आज डांबरी रस्त्यावर रोज सात-आठ किलोमीटर पळू लागतो. पहिले तीन आठवडे त्याला भारी वाटतं. दम वाढतो, वेळ कमी होते, मित्र कौतुक करतात. मग साधारण पाचव्या-सहाव्या आठवड्यात हीच पोरं नडगी धरून माझ्या दारात येतात. इतक्या वर्षांत हा काळ फारसा मागेपुढे झालेला पाहिला नाही.

कारण हाडाच्या कामाच्या पद्धतीत आहे. हाड जिवंत असतं. त्यावर भार वाढला की शरीर आधी थकलेला भाग पोखरून काढतं आणि मग तिथे नवं हाड भरतं. पोखरण्याचं काम काही आठवड्यांत होतं, भरायला मात्र महिने लागतात. मधल्या काळात हाड पहिल्यापेक्षा कमजोर असतं. आपल्याकडच्या जुन्या घराचं माळवद डोळ्यांसमोर आणा. कुजका भाग उकरून काढलाय, नवी माती अजून पडलेली नाही, आणि तेवढ्यात कुणी त्यावर ज्वारीची पोती चढवली, तर काय होईल? हृदय आणि फुप्फुसं मात्र काही आठवड्यांतच सुधारतात. त्यामुळे ज्या दिवशी पोराला वाटतं की आता आपण कितीही पळू शकतो, बरोबर त्याच दिवसांत त्याचं हाड सगळ्यात नाजूक असतं.

अव्वल धावपटूच्या बाबतीत हीच गोष्ट मोठ्या आकड्यांत घडते. तो आठवड्याला १६० ते २०० किलोमीटर पळतो. शर्यतीत मिनिटाला साधारण १८० पावलं धरली तर २ तास ८ मिनिटांत २३ हजार पावलं होतात, आणि प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन-अडीच पट भार पायावर येतो. त्याला दुखापतीतून उठून आधीच्या पातळीवर जायची घाई असते. सहा आठवडे विश्रांती घेतल्यावर त्याचा दम महिनाभरात परत येतो, कारण तो पंधरा वर्षांत कमावलेला असतो. हाड तितक्या लवकर परतत नाही. दुसरं स्ट्रेस फ्रॅक्चर बहुतेक वेळा याच फटीतून होतं. पूर्वी झालेली दुखापत ही पुढच्या दुखापतीची सगळ्यात मोठी खूण, असं आम्ही म्हणतो ते यामुळेच. त्याला "शरीरच तकलादू आहे" म्हणून हिणवणं मला पटत नाही. पुष्कळदा शरीर ठीक असतं, परतण्याचं वेळापत्रक चुकलेलं असतं.

म्हणून असा खेळाडू आला की मी पहिल्यांदा विचारते, चार वर्षांतली दुखणी एकाच पायाची, एकाच जागेची आहेत की फिरती? एकच जागा पुन्हा पुन्हा दुखत असेल तर मला बरं वाटतं, कारण मग शोधण्यासारखं एक कारण असतं. पायांच्या लांबीतला फरक, खुब्याचा अशक्त स्नायू, जुना बूट, एकाच बाजूने उतरत्या रस्त्यावर रोज पळण्याची सवय, असं काहीतरी सापडतं. आज नडगी, सहा महिन्यांनी खुब्याचं हाड, पुढच्या वर्षी पंजा, अशी हाडंच फिरून फिरून तडकत असतील तर मी पळण्याची ढब बघणं बाजूला ठेवते आणि जेवणाचं ताट बघते.

हे ताटाचं जरा विस्ताराने सांगते, कारण यातच सगळ्यात जास्त खेळाडू वाया जाताना पाहिले आहेत. शरीराला पळण्यासाठी लागणारी ऊर्जा वजा केल्यावर जे उरतं त्यावर हाड, रक्त, संप्रेरकं, सगळं चालतं. खाणं कमी पडलं की शरीर काटकसर करतं, आणि हाडाच्या दुरुस्तीला कात्री लागते. मुलींमध्ये पाळी बंद होते. काही वर्षांपूर्वी मोहोळकडची एक मुलगी आली होती, चांगली पळायची, एका वर्षात दोन फ्रॅक्चर. आठ महिने पाळी आली नव्हती, आणि तिच्या प्रशिक्षकाने तिला सांगितलं होतं की कसून सराव केल्याचं ते लक्षण आहे. तिने नवरात्रात नऊ दिवस कडक उपवास केला होता आणि सकाळचा सराव एक दिवसही चुकवला नव्हता. तिच्या आईशी मी तासभर बोलले. देवीचा उपवास मोडा असं मी सांगितलं नाही. त्या नऊ दिवसांत पळू नको, एवढंच सांगितलं. नंतर पळून आल्यावर अर्ध्या तासाच्या आत भाकरी, दूध, शेंगदाण्याचा लाडू, आणि दिवसभरात आणखी दोन वेळचं खाणं वाढवलं. पाळी पाच महिन्यांनी परत आली. त्यानंतर तीन वर्षं तिचं एकही हाड तडकलं नाही. मुलांमध्ये पाळीसारखी खूण नसते, म्हणून ते उशिरा सापडतात. सतत थकवा, झोप न लागणं, चिडचिड, सारखी सर्दी हीच त्यांची लक्षणं. तुमच्या प्रश्नातल्या ३२ वर्षांच्या धावपटूचं वजन गेल्या चार वर्षांत कसं राहिलं, हे मला त्याच्या एमआरआयइतकंच महत्त्वाचं वाटेल. मोठ्या शर्यतीआधी दोन किलो उतरवायच्या नादात हाड गमावलेले खेळाडू कमी नाहीत.

अकिलीसचं दुखणं याच्या अगदी उलट वागतं, आणि इथे लोकांचा फार गोंधळ होतो. टाचेमागच्या त्या कंडरेला पूर्ण विश्रांती मानवत नाही. तिला मोजून भार द्यावा लागतो. पायरीच्या कडेवर उभं राहून टाच हळू खाली नेणं, वर आणणं, पुढे पाठीवर वजन घेऊन तेच, असं बारा आठवडे रोज करावं लागतं. व्यायाम करताना दहापैकी तीनपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या पावलाला ते वाढलेलं नसलं, तर चालू ठेवायचं. पण हा नियम हाडाला लावायचा नाही. हाडाच्या दुखण्यात दहापैकी एकसुद्धा मान्य नाही. अकिलीस बरी झाली तेव्हाचा "थोडं दुखलं तरी चालतं" हा धडा नडगीला लावून हाड मोडून घेतलेला खेळाडू मी पाहिला आहे.

एक चूक माझ्याही खात्यावर आहे. प्रॅक्टिसच्या तिसऱ्या वर्षी एक मुलगा जांघेत दुखतंय म्हणून आला. एक्स-रे स्वच्छ होता आणि स्पर्धा दहा दिवसांवर. मी स्नायूचं दुखणं समजून पट्टी बांधली आणि पळू दिलं. शेवटच्या फेरीत तो खाली बसला. खुब्याच्या हाडाची मान आरपार मोडली होती. स्क्रू घालावे लागले आणि त्याचं पळणं तिथेच थांबलं. स्ट्रेस फ्रॅक्चर सुरुवातीचे दोन-तीन आठवडे एक्स-रेमध्ये पुष्कळदा दिसतच नाही, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, पण त्या दिवशी वापरलं नाही. तेव्हापासून पळणाऱ्याच्या जांघेत दुखत असेल तर एमआरआय होईपर्यंत मी त्याला चालण्यापलीकडे काही करू देत नाही. खुब्याची मान, पायाच्या कमानीतलं नॅव्हिक्युलर हे छोटं हाड आणि नडगीचा पुढचा काठ या तीन जागा विशेष धोक्याच्या. नडगीचा आतला काठ किंवा पंजाची मधली हाडं त्या मानाने सुधी, सहा ते आठ आठवड्यांत बहुधा जुळतात. तुमच्या धावपटूची दोन फ्रॅक्चर या सुध्या जागांची असतील तर माझा 'हो' ठाम होतो. नॅव्हिक्युलरचं दोनदा झालं असेल तर मी फार जपून बोलेन.

इथवरचं थोडक्यात: दुखापतींची संख्या नव्हे, जागा आणि कारण बघा. हाडाला पूर्ण सवड द्या, कंडरेला मोजका भार द्या. आणि हाडं फिरून फिरून तडकत असतील तर आधी खाणं तपासा.

आता प्रत्यक्ष जिंकलेल्यांकडे बघू. जोन बेनॉइटच्या गुडघ्यावर २५ एप्रिल १९८४ ला दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. १७ दिवसांनी, १२ मे रोजी, ऑलिंपिकसाठी अमेरिकेची निवड शर्यत होती. तिने ती जिंकली, आणि ५ ऑगस्टला लॉस एंजेलिसमध्ये महिलांची पहिली ऑलिंपिक मॅरेथॉन २ तास २४ मिनिटं ५२ सेकंदांत जिंकली. ही गोष्ट ऐकून शस्त्रक्रियेनंतर १७ दिवसांत पळायचं ठरवू नका. तिचा अडथळा गुडघ्यात अडकणारी एक गोष्ट होती, ती काढल्यावर यंत्र पुन्हा मोकळं झालं. हाडाला असं काढून टाकण्यासारखं काही नसतं.

ब्रिटनच्या पॉला रॅडक्लिफचं उदाहरण मला जास्त शिकवतं. २००३ मध्ये लंडनला २:१५:२५ असा विश्वविक्रम केलेली ही बाई २२ ऑगस्ट २००४ ला अथेन्स ऑलिंपिकमध्ये साधारण ३६ किलोमीटरवर रस्त्याच्या कडेला बसून रडताना जगाने पाहिली. ७ नोव्हेंबरला तिने न्यू यॉर्क जिंकली. चार वर्षांनी मांडीच्या हाडाच्या स्ट्रेस फ्रॅक्चरमधून उठून ती १७ ऑगस्ट २००८ ला बीजिंग ऑलिंपिकमध्ये पळाली, २३ वी आली. २ नोव्हेंबरला पुन्हा न्यू यॉर्क जिंकली. दोन्ही वेळा मधलं अंतर मोजलं तर बरोबर ७७ दिवस, म्हणजे ११ आठवडे. अकरा आठवड्यांत कुणी मॅरेथॉनपटू घडत नाही. ती आधी घडलेली होती. तो काळ फक्त आधीचं सगळं पुन्हा जोडून घेण्याचा होता, आणि तो मधे न तुटता मिळाला.

हे मला सोलापुरात दरवर्षी दिसतं. कोजागरीला इथून तुळजापूरला हजारो माणसं चालत जातात, साधारण ४५ किलोमीटर, म्हणजे मॅरेथॉनपेक्षा जरा जास्तच. काही जण अनवाणी जातात. दुसऱ्या दिवसापासून माझ्याकडे लंगडणाऱ्यांची रीघ लागते. त्यात व्यायामशाळेत कमावलेल्या शरीराची पंचविशीची पोरं असतात. दरवर्षी चालणाऱ्या, विडी वळून घर चालवणाऱ्या साठीच्या बायका क्वचितच दिसतात. पंधरा-वीस वर्षं थोडाथोडा भार सोसलेलं हाड आणि कंडरा ही वेगळीच चीज असते. त्या ३२ वर्षांच्या धावपटूकडे ही पुंजी आहे. चार वर्षांच्या खंडांनी ती कमी झाली असेल, संपलेली नाही.

अमेरिकेच्या शेलेन फ्लॅनगनला २०१७ च्या सुरुवातीला कमरेच्या हाडाचं स्ट्रेस फ्रॅक्चर झालं, एप्रिलची बॉस्टन हुकली. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला तिने न्यू यॉर्क जिंकली आणि आधीची तीन वर्षं ओळीने जिंकलेल्या मेरी कीटानीला एका मिनिटाने मागे टाकलं. तिने एक मोसम जाऊ दिला, म्हणून दुसरा मिळाला. अमेरिकेचाच मेब केफ्लेझिगी २००७ च्या ऑलिंपिक निवड शर्यतीत कमरेच्या हाडाच्या फ्रॅक्चरसह पळून आठवा आला आणि बीजिंग ऑलिंपिक हुकलं. २००९ ला त्याने न्यू यॉर्क जिंकली, आणि २०१४ ला ३९ वा वाढदिवस दोन आठवड्यांवर असताना बॉस्टन, २:०८:३७ मध्ये. त्या दिवशी त्याच्या मागे त्याच्यापेक्षा कितीतरी वेगवान वेळा नावावर असलेली माणसं होती. डेझ लिंडेन २०१२ च्या ऑलिंपिकमध्ये मांडीच्या हाडाच्या फ्रॅक्चरमुळे सुरुवातीलाच थांबली होती. २०१८ ला गारठा, पाऊस आणि समोरून वारा अशा दिवशी तिने बॉस्टन २:३९:५४ मध्ये जिंकली. एरवी त्या वेळेत पहिल्या दहातही जागा मिळाली नसती.

ही नावं पुन्हा वाचा. ऑलिंपिकवाली जोन सोडली तर सगळी बॉस्टन किंवा न्यू यॉर्कची आहेत. बॉस्टन-न्यू यॉर्कला वेग लावून देणारे पेसर नसतात. चढउतार असतात, पहिले तीस किलोमीटर सगळे एकमेकांकडे बघत पळतात आणि शर्यत शेवटच्या दहात फुटते. तिथे २:०६ चा माणूस २:०३ वाल्याला हरवू शकतो. बर्लिन किंवा शिकागोला पेसर पहिल्या किलोमीटरपासून विक्रमाचा वेग लावतात आणि सपाट रस्त्यावर कमी तयारी लपवायला जागाच नसते. अपवाद आहे. इथिओपियाच्या केनेनिसा बेकेलेने पोटरी आणि अकिलीसच्या दुखण्यातून येऊन २०१६ ला बर्लिन २:०३:०३ मध्ये जिंकली आणि २०१९ ला तिथेच २:०१:४१ धावला. पण बेकेलेची मूळ प्रतिभा इतकी अफाट की त्याच्यावरून कुणी स्वतःचा आराखडा आखू नये.

तुमच्या धावपटूचा सल्लागार मी असते तर बर्लिन-शिकागो यादीतून काढलं असतं. बॉस्टन आणि न्यू यॉर्क यांतली निवड दुखण्याच्या जागेवरून करायची. बॉस्टनचा रस्ता सुरुवातीपासून बराच वेळ उतरता आहे, मग न्यूटनच्या टेकड्या येतात. उताराला मांडीचा पुढचा स्नायू, गुडघा आणि नडगी यांना मार बसतो. चढाला पोटरी आणि अकिलीस. ज्याची हाडं तडकली आहेत त्याने उताराच्या सरावाला घाबरून राहावं. न्यू यॉर्कला पाच पूल चढायचे आहेत, पण उताराचा तितका लांब मारा नाही, शिवाय शर्यत नोव्हेंबरात, म्हणजे उन्हाळाभर शांतपणे बांधणी करता येते. या माणसासाठी मी न्यू यॉर्क म्हणेन.

आणि आता दुसरी बाजू. आपल्याला जिंकलेले आठवतात, कारण त्यांचे फोटो छापून येतात. अमेरिकेच्या डेथन रिट्झेनहाइनची गुणवत्ता कुठेही कमी नव्हती. २०१२ ला शिकागोत २:०७:४७ धावला, पण स्ट्रेस फ्रॅक्चरांनी त्याची पाठ सोडली नाही आणि मेजर कधीच हाती लागली नाही. गेलन रपने २०१७ ला शिकागो जिंकली. २०१८ मध्ये अकिलीसपाशी शस्त्रक्रिया झाल्यावर २०२१ ला तिथेच दुसरा आला, २:०६:३५ मध्ये. हे पुनरागमन उत्तमच होतं, पण पहिला नंबर आला नाही. म्हणून 'जिंकू शकतो' आणि 'जिंकेल' यातलं अंतर मी खेळाडूच्या घरच्यांपासून कधीच लपवत नाही.

बारा-सोळा आठवडे सलग कसे मिळवायचे, हाच मग खरा धंदा उरतो. मी आठवड्याचे २०० किलोमीटर सरळ १३०-१४० वर आणते. उरलेला दम पाण्यात पळून आणि सायकलवर कमवायचा. पोहण्याच्या तलावात तरंगता ठेवणारा पट्टा बांधून तासभर पळणं कंटाळवाणं आहे, पण हृदयाला ते खरं पळणंच वाटतं आणि हाडाला कळतही नाही. जोराचे सराव सात दिवसांत तीन न ठेवता दहा दिवसांत तीन. आठवड्यातून दोनदा वजनाचा व्यायाम, त्यात पोटरीला सगळ्यात जास्त वेळ. दर चौथ्या आठवड्याला पळणं तिसऱ्या हिश्शाने कमी, दुखो वा न दुखो. मधे हाफ मॅरेथॉनचे मोह नाहीत. कार्बन प्लेटचे (तळव्यात ताठ पट्टी बसवलेले) बूट फक्त मोजक्या जोराच्या सरावांना, रोज नाही, कारण पायाच्या कमानीवर त्यांचा भार वेगळा पडतो आणि नॅव्हिक्युलरच्या दुखापती त्या बुटांसोबत नोंदल्या गेल्या आहेत. रस्ता शक्यतो मातीचा. आपल्याकडे एवढं एक बरं आहे, शहराबाहेर पाच किलोमीटर गेलं की मुरमाची गाडीवाट सापडते. पावसाळ्यात मात्र काळ्या रानात जाऊ नका, बुटाला किलोभर चिखल चिकटला की पाय वेडावाकडा पडतो.

एवढं करून तो शर्यतीला आपल्या सर्वोत्तम तयारीच्या थोडा अलीकडेच पोचेल. खेळाडूंना हे पचवणं सगळ्यात जड जातं. पूर्ण तयारीच्या मागे लागून घरी बसण्यापेक्षा थोडी कमी तयारी घेऊन सुरुवातीच्या रेषेवर उभं राहिलेलं बरं. रेषेवर असलेल्यालाच पाऊस, वारा, टेकडी आणि दुसऱ्याचा वाईट दिवस उपयोगी पडतो.

वयाबद्दल फार बोलत नाही. मेबचं वय वर सांगितलं आहे. ३२ ला मी काळजी करत नाही.

आता तुमचा भाऊ. तो कुठली मेजर जिंकायला निघालेला नाही, पण त्याचं हाड तशाच पद्धतीने चालतं. घरच्यांवर रागावू नका, त्यांनी त्याला लंगडताना पाहिलंय. "सोड" आणि "पळत राहा" यांच्या मधे एक गोष्ट आहे, ती म्हणजे सहा महिने स्पर्धा नाही, नीट तपासणी, नीट जेवण आणि मग मोजून परतणं. मला तीन गोष्टी कळवा. गेल्या वर्षभरात कुठल्या महिन्यात काय दुखलं आणि त्याआधीच्या सहा आठवड्यांत पळणं किती वाढवलं होतं. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत तो काय खातो, एका साध्या दिवसाचं. ड जीवनसत्त्व आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासलं असेल तर तो रिपोर्ट.

आणि आज संध्याकाळीच त्याला एक विचारा: दुखतं ती जागा दाखव. जांघ दाखवली तर उडी वगैरे काही नको, सरळ एमआरआय करून घ्या. त्याने तळहात फिरवून "इकडे सगळीकडे" म्हटलं तर बहुधा स्नायूचं आहे, आठवडाभर हलकं घ्या आणि मला लिहा. त्याने एका बोटाने नेमका एक ठिपका दाखवला, आणि त्या पायावर एकदा उडी मारताना तिथेच कळ आली, तर दुसऱ्यांदा उडी मारायला लावू नका. उद्या सकाळचं पळणं बंद, आणि एक्स-रे स्वच्छ आला तरी एमआरआय करून घ्या.